‘ॲज इज नोन’ की ‘ॲज इट इज नोन’? औपचारिक इंग्रजीतील कर्ता नसलेल्या रचनांविषयी

गोव्यातील मराठी माणसाची औपचारिक इंग्रजीशी खरी गाठ पडते ती कागदांमधून. प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचे इंग्रजीतून असा क्रम ज्या घरांत चालत आला, त्या घरांतही मामलेदार कचेरीची नोटीस, पंचायतीचे पत्र, नगरनियोजन खात्याचा आदेश किंवा बँकेचा करारनामा हातात आला की वाचणारा दोनदा थांबतो. 1987 सालच्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली, तरी कायदा, न्यायालय आणि बहुतेक खात्यांचा पत्रव्यवहार आजही इंग्रजीतूनच चालतो. या कागदांतले अवघड शब्द शब्दकोशात सापडतात. अडचण होते ती ‘ॲज मे बी प्रिस्क्राइब्ड’, ‘इफ इट इज फाउंड दॅट’, ‘अनलेस अदरवाइज स्टेटेड’, ‘दॅन वॉज एक्स्पेक्टेड’ अशा तुकड्यांची, कारण त्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही संपूर्ण तुकड्याचे व्याकरण हाती लागत नाही. या सर्व रचनांत आरंभी एखादे उभयान्वयी अव्यय असते, मागोमाग कर्मणी क्रियापद येते आणि ती क्रिया करणारा कोठेच दिसत नाही. या रचनांचा सारा कारभार त्या आरंभीच्या अव्ययाच्या हाती असतो. वाक्यात ‘इट’ हवे की नको हे ते ठरवते, आणि लिहिणारा आपल्या विधानाची जबाबदारी घेतो आहे की ती दुसऱ्यावर ढकलतो आहे, हेही बहुतांशी त्याच्यावरून कळते.

आधी मूळ रचना पाहू. ‘इट इज नोन दॅट खाजन लँड्स लाय बिलो द हाय टाइड लेव्हल’ या वाक्याचा अर्थ खाजन जमिनी भरतीच्या पातळीच्या खाली असतात हे सर्वज्ञात आहे, असा आहे. कोणाला ज्ञात आहे, हे वाक्य सांगत नाही. ‘इट’ हा येथे केवळ जागा धरून बसलेला शब्द आहे, कारण इंग्रजीत साध्या विधानाला दिसणारा कर्ता लागतोच. ‘दॅट’पासून पुढे असलेले संपूर्ण वाक्य हा खरा विषय, तो लांब असल्याने मागे ठेवला जातो आणि पुढची रिकामी जागा ‘इट’ने भरली जाते. मराठीला ही सक्ती नाही. ‘असे म्हणतात’, ‘असे आढळून आले आहे’, ‘असे ठरविण्यात आले’ या वाक्यांत ‘असे’ हा शब्द पुढच्या किंवा मागच्या मजकुराकडे बोट दाखवतो आणि कर्त्यावाचून काही अडत नाही. त्यामुळे ‘इट’ कोठे येते आणि कोठे गळते, याची जाणीव मराठी भाषकाला उपजत मिळण्याची सोय नाही. ती नियमानेच कमवावी लागते.

आता याच वाक्याच्या आरंभी ‘ॲज’ आणून पाहावे. ‘ॲज इज नोन, खाजन लँड्स लाय बिलो द हाय टाइड लेव्हल.’ येथे ‘इट’ही नाही आणि ‘दॅट’ही नाही. गौण वाक्याला कर्ताच उरलेला नाही, तरीही वाक्य शुद्ध आहे, आणि अनेकांना नेमके हेच पटत नाही. कर्त्याची जागा मोकळी दिसते म्हणून ते तेथे ‘इट’ बसवतात. प्रत्यक्षात ती जागा मोकळी नसते. ‘ॲज’ हा शब्द दोन वाक्ये जोडतो आणि त्याच वेळी गौण वाक्यातली कर्त्याची जागाही स्वतःच घेतो. ‘जे ज्ञात आहे, ते असे’ या मराठी वाक्यात ‘जे’ जे काम करतो, तेच काम येथे ‘ॲज’ करतो, आणि तो ज्या गोष्टीकडे निर्देश करतो ती गोष्ट म्हणजे संपूर्ण प्रधान वाक्य. म्हणूनच काही व्याकरणकार या ‘ॲज’ला उभयान्वयी अव्यय म्हणतात, तर काही त्याला संबंधी सर्वनामाच्या रांगेत बसवतात. नावाचा वाद आपल्या कामाचा नाही. एका जागेवर दोघे बसू शकत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे ‘ॲज इट वॉज मेन्शन्ड अबव्ह’ हे वाक्य आजच्या औपचारिक लेखनात का खटकते ते कळते.

‘ॲज इट इज नोन दॅट’ असा आरंभ त्याहून अडचणीचा आहे, कारण त्यात शैली बिघडते आणि अर्थही पालटतो. ‘इट’ आणि ‘दॅट’ दोन्ही परत आल्यावर ‘ॲज’कडे फक्त जोडण्याचे काम उरते आणि त्याचा अर्थ ‘ज्याअर्थी’ किंवा ‘कारण’ असा होतो. ‘ॲज इट इज नोन दॅट द बंड इज वीक’ एवढे वाचल्यावर इंग्रजी वाचक ‘त्याअर्थी’ची वाट पाहू लागतो: बांध कमकुवत आहे हे माहीत असल्यामुळे पुढे काय केले? लिहिणाऱ्याने तेथे पूर्णविराम दिला असेल, तर वाक्य अर्धवट राहते. अर्जांमध्ये हा प्रकार इतका आढळतो की भारतीय वाचक त्याला सरावला आहे आणि अर्थ समजून घेतो. परंतु तोच अर्ज वकिलाच्या हाती गेला, तर माहिती म्हणून लिहिलेले वाक्य कारण म्हणून वाचले जाण्याची शक्यता राहते.

तरीही ‘ॲज इट इज नोन’ हे शब्द सरसकट चूक मानू नयेत. ‘द मांडवी, ऑर द म्हादई ॲज इट इज नोन अपस्ट्रीम’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे. येथे ‘इट’ म्हणजे नदी, एक नाव असलेली ठोस वस्तू, आणि ‘ॲज’चा अर्थ ‘या नावाने’. सत्तरी तालुक्यात जी म्हादई म्हणून ओळखली जाते ती पुढे मांडवी होते, हे सांगताना ‘इट’ गाळता येणार नाही. ओळखण्याची कसोटी सोपी आहे: ‘इट’च्या जागी एखादे नाम ठेवून पाहावे. नाम बसले, तर ‘इट’ खरे. बसले नाही, तर ते ‘ॲज’च्या जागेवर आगंतुक. जुन्या इंग्रजीत हा नियम एवढा काटेकोर नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमधला ‘ॲज इट इज रिटन’ हा वाक्प्रयोग आजही तसाच म्हटला जातो आणि त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. ‘ॲज इट हॅपन्स’ आणि ‘ॲज इट टर्न्ड आउट’ यांतही ‘इट’ टिकून आहे, परंतु त्या रचना कर्मणी नाहीत. ‘ॲज’ हा शब्द मुळात प्राचीन इंग्रजीतल्या ‘अगदी तसेच’ अशा अर्थाच्या जोडशब्दापासून झिजत आला आहे आणि ‘ऑल्सो’ हा त्याचाच भाऊ, हे पाहिले म्हणजे त्याच्या वागण्यातली ही विविधता फारशी नवलाची वाटत नाही.

क्रियापदाच्या वचनाचा प्रश्नही येथेच सुटतो. ‘ॲज’ जेव्हा संपूर्ण वाक्याकडे निर्देश करतो, तेव्हा क्रियापद नेहमी एकवचनी असते. प्रधान वाक्यात दहा कागदपत्रांची यादी असली, तरी ‘ॲज वॉज स्टेटेड अबव्ह’ असेच लिहावे लागते, ‘ॲज वेअर स्टेटेड’ असे नव्हे. ‘सच डॉक्युमेंट्स ॲज आर रिक्वायर्ड’ या रचनेत मात्र ‘आर’ बरोबर आहे, कारण तेथे ‘ॲज’ हा ‘सच’शी जोडलेला आहे आणि त्याचा निर्देश कागदपत्रांकडे आहे. हे ‘सच’ आणि ‘ॲज’चे जोडपे कायद्याच्या भाषेत सतत भेटते, त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

‘दॅन’ची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तो ‘ॲज’च्याच वळणावर जातो. ‘पोर्तुगीज रूल इन गोवा लास्टेड लाँगर दॅन वॉज एक्स्पेक्टेड इन 1947’ या वाक्यात ‘वॉज’ला वेगळा कर्ता नाही आणि तो द्यायचाही नाही. अपेक्षा कोणाची होती, दिल्लीची की मडगावच्या सत्याग्रहींची, हे वाक्य उघड करत नाही. 1961च्या डिसेंबरपर्यंतचा काळ अपेक्षेहून लांबला, एवढेच ते म्हणते. ‘दॅन इज जनरली बिलीव्ह्ड’, ‘दॅन इज नेसेसरी’, ‘दॅन हॅड बीन प्लॅन्ड’ ही सर्व याच कुळातली. तुलना करणारे हे दोन शब्द, ‘ॲज’ आणि ‘दॅन’, कर्त्याची जागा गिळतात. बाकीच्या अव्ययांना ती मुभा नाही.

बाकीची म्हणजे ‘इफ’, ‘दो’, ‘ऑलदो’, ‘व्हाइल’, ‘व्हेअर’, ‘वन्स’, ‘सिन्स’, ‘व्हेदर’, ‘अनलेस’, ‘अन्टिल’. ही अव्यये फक्त जोडतात, जागा भरत नाहीत. त्यामुळे यांच्यानंतर क्रियापदाचे पूर्ण रूप वापरायचे असेल, तर ‘इट’ आणि ‘दॅट’ दोन्ही यावे लागतात: ‘इफ इट इज फाउंड दॅट द कन्स्ट्रक्शन इज अनऑथोराइज्ड’, ‘ऑलदो इट हॅज बीन सजेस्टेड दॅट’, ‘वन्स इट हॅज बीन एस्टॅब्लिश्ड दॅट’. यांतली बरीचशी कामे मराठी एका प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात उरकते. ‘बांधकाम अनधिकृत असल्याचे आढळल्यास’ यातला ‘-ल्यास’ म्हणजे इंग्रजीचा ‘इफ’, आणि ‘सिद्ध होईपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ म्हणजे ‘अन्टिल’. इंग्रजीत जे आरंभी उभे असते ते मराठीत क्रियापदाच्या शेवटी चिकटते. कदाचित त्यामुळेच मराठी वाचकाची दृष्टी आरंभीच्या त्या लहान शब्दावरून घसरते आणि मोठ्या शब्दांवर स्थिरावते. एक सामान्य चूकही येथूनच निघते. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच सामावलेला आहे, तरी ‘मंजूर झाले नाही तर’ या मराठी वळणाने ‘अनलेस इट इज नॉट अप्रूव्ह्ड’ असे लिहिले जाते आणि अर्थ नेमका उलटा होतो.

आता जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या मते या विषयाचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. ‘द लँड बिलाँग्ज टू द कोमुनिदाद’ हे एक विधान घेऊ; कोमुनिदाद म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीची मालक असलेली गोव्यातील ग्रामसंस्था. ‘इट इज क्लेम्ड दॅट’ असा आरंभ केला, तर लिहिणारा केवळ दावा नोंदवतो; जमीन कोमुनिदादची आहे की नाही याविषयी तो हात वर करतो. ‘ऑलदो इट इज क्लेम्ड दॅट’ असे म्हटले, तर तो दावा आपल्याला मान्य नाही, निदान पुढे येणाऱ्या गोष्टीपुढे तो फिका आहे, असे सुचवतो. ‘व्हाइल इट इज ॲक्सेप्टेड दॅट’ म्हटल्यास मुद्दा मान्य केला जातो, परंतु त्याचे वजन कमी ठरवले जाते. ‘इफ इट इज एस्टॅब्लिश्ड दॅट’मध्ये सारे अजून उघडे आहे. आणि ‘ॲज इज क्लेम्ड, द लँड बिलाँग्ज टू द कोमुनिदाद’ असे लिहिले, तर लिहिणाऱ्याने तो दावा स्वतःच्या तोंडून मान्य केलेला असतो, कारण येथे प्रधान वाक्य कोणत्याही ‘दॅट’च्या आड नाही, ते उघड्यावर, स्वतःच्या पायावर उभे आहे. ‘क्लेम्ड’ हा शब्द दिसला म्हणजे अंतर राखले गेले, असा समज करून घेऊन जो अर्जदार प्रतिपक्षाचे म्हणणे ‘ॲज’ने सुरू करतो, तो नकळत प्रतिपक्षाचीच साक्ष देतो. मराठीत ‘वादीने म्हटल्याप्रमाणे जमीन कोमुनिदादची आहे’ आणि ‘जमीन कोमुनिदादची आहे असे वादीचे म्हणणे आहे’ या दोन वाक्यांत हाच भेद आहे, आणि तो आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही.

प्रधान वाक्यात नकार आला की गुंता वाढतो. ‘द रोड वॉज नॉट वायडन्ड, ॲज वॉज रेकमेंडेड’ या वाक्यातली शिफारस कशाची होती? रस्ता रुंद करावा अशी शिफारस होती आणि ती पाळली गेली नाही, असा एक अर्थ निघतो. रस्ता रुंद करू नये अशीच शिफारस होती आणि ती पाळली गेली, असा नेमका विरुद्ध अर्थही तितक्याच सरळपणे निघतो. ‘ॲज’ संपूर्ण नकारार्थी वाक्याकडे निर्देश करतो की नकार वगळून उरलेल्या भागाकडे, हे व्याकरण सांगू शकत नाही. संदर्भच सांगू शकतो. त्यात स्वल्पविराम काढून टाकला, तर तिसरा अर्थ डोके वर काढतो: रस्ता रुंद झाला, परंतु शिफारशीत सांगितलेल्या पद्धतीने झाला नाही. एकाच वाक्यातून ठेकेदार, अभियंता आणि तक्रारदार आपापल्या सोयीचा अर्थ घेऊ शकतात. म्हणून नकारार्थी वाक्याला ‘ॲज’चे शेपूट लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे; दोन वाक्ये करावीत, पहिल्यात शिफारस काय होती ते लिहावे आणि दुसऱ्यात काय घडले ते.

वकिलांच्या व्यवसायाला हा धोका फार पूर्वीच कळलेला आहे. दिवाणी दाव्यातील कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, ‘ॲज अलेज्ड ऑर ॲट ऑल’ हा ठरावीक तुकडा वाचायला मिळतो. प्रतिवादीने कुंपण तोडले, असा आरोप आहे असे समजा. ‘प्रतिवादीने आरोपात म्हटल्याप्रमाणे कुंपण तोडले नाही’ एवढेच उत्तर दिले, तर कुंपण तोडले, पण त्या दिवशी किंवा त्या रीतीने नाही, असा अर्थ लावायला वाव राहतो. त्यामागे ‘ऑर ॲट ऑल’, म्हणजे ‘किंवा मुळीच नाही’, असे जोडून ती फट बुजवली जाते. 1908 सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आठव्या आदेशाचा चौथा नियम याच पळवाटेविषयी आहे. तो उदाहरण देतो: ‘इफ इट इज अलेज्ड दॅट’ प्रतिवादीला अमुक रक्कम मिळाली, तर ती नेमकी रक्कम मिळाली नाही एवढे म्हणणे पुरेसे नाही, ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही, असे त्याने म्हटले पाहिजे, नाहीतर किती मिळाली ते सांगितले पाहिजे. नियमकर्त्यांनी येथे ‘ॲज’ टाळून ‘इफ इट इज … दॅट’ वापरले आहे. आरोप अजून केवळ आरोप आहे, हे त्यांना वाक्यरचनेतूनच राखायचे होते आणि त्या रचनेने ते राखले.

तिसरा प्रकार आखूड रचनांचा. ‘इफ रिक्वायर्ड’, ‘ॲज डायरेक्टेड’, ‘व्हेन कॉल्ड अपॉन’, ‘वन्स अप्रूव्ह्ड’, ‘अन्टिल नोटिफाइड’ यांत कर्ताही नाही आणि ‘इज’ किंवा ‘वॉज’ही नाही, अव्यय आणि भूतकाळवाचक धातुसाधित एवढेच उरते. सरकारी पत्रांना ही रचना फार प्रिय आहे आणि ते समजण्यासारखे आहे, कारण ती जागा वाचवते. ‘ॲज हॅज बीन मेन्शन्ड अबव्ह’ आणि ‘ॲज मेन्शन्ड अबव्ह’ यांत अर्थाचा काही फरक नाही, आणि मला तरी दुसरेच बरे वाटते. परंतु बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या रचना आतून दोन वेगळ्या जातींच्या आहेत. ‘इफ रिक्वायर्ड’, ‘ॲज ॲग्रीड’, ‘अनलेस अदरवाइज स्टेटेड’ यांत गाळलेला कर्ता तो जागा धरणारा ‘इट’ किंवा स्वतः ‘ॲज’ असू शकतो. अशा वेळी त्यांचा प्रधान वाक्याच्या कर्त्याशी संबंध राहत नाही आणि ती वाक्यात कोठेही सुखाने बसतात. ‘इफ फाउंड गिल्टी’, ‘व्हेन आस्क्ड’, ‘वन्स सील्ड’ यांत मात्र गाळलेला कर्ता एखादी व्यक्ती किंवा वस्तू आहे, आणि इंग्रजी वाचक तो कर्ता प्रधान वाक्याच्या कर्त्यात शोधतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास ‘इफ फाउंड गिल्टी, द पंचायत विल रिकव्हर द फाइन’ असे वाक्य तयार होते, ज्यात व्याकरणाच्या नियमाने पंचायतच दोषी ठरते आणि दंडही तीच वसूल करते. मराठीत ‘दोषी आढळल्यास पंचायत दंड वसूल करील’ हे वाक्य त्या मानाने निभावून जाते, कारण मराठी वाचक गाळलेला कर्ता संदर्भातून भरून घेण्यास सरावलेला असतो. इंग्रजीत तेवढी सवलत मिळत नाही. दुरुस्ती अवघड नाही: ‘इफ द ओनर इज फाउंड गिल्टी’ असा पूर्ण कर्ता द्यावा, म्हणजे वाद मिटतो. ‘इनोसंट अन्टिल प्रूव्हन गिल्टी’ हे सुप्रसिद्ध वचन टिकून राहिले आहे, कारण त्यात निर्दोष मानला जाणारा आणि दोषी ठरणारा माणूस एकच आहे.

या आखूड रचनांमध्ये ‘अदरवाइज’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘अनलेस’, ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्सेप्ट ॲज’ यांच्यानंतर तो आला, की पुढे येणारा नियम शेवटचा शब्द नाही आणि त्याला अपवाद करण्याचे दार उघडे ठेवले आहे, असे समजावे. अपवादवाचक ‘सेव्ह’ हा पोर्तुगीज ‘साल्वो’चाच नातलग आहे, दोन्ही एकाच लॅटिन मुळाचे, ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातील पोर्तुगीज दस्तऐवज आहेत, त्यांना हे वळण अगदीच परके वाटणार नाही. राज्यघटनेच्या 239व्या अनुच्छेदाचा आरंभ ‘सेव्ह ॲज अदरवाइज प्रोव्हायडेड बाय पार्लमेंट बाय लॉ’ असा आहे: संसदेने कायद्याने वेगळी तरतूद केली नसेल, तर प्रत्येक केंद्रशासित प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती प्रशासकामार्फत पाहतील. गोवा 30 मे 1987 रोजी घटक राज्य होईपर्यंत याच अनुच्छेदाच्या कक्षेत होता. वेगळी तरतूद झालीही: 1962 साली घटनेत 239 अ हा अनुच्छेद घातला गेला आणि 1963च्या कायद्याने गोवा, दमण व दीवला विधानसभा आणि मंत्रिमंडळ मिळाले. या तुकड्यात तरतूद करणारा कोण आहे, हे ‘बाय पार्लमेंट’ म्हणून स्पष्ट सांगितले आहे आणि ती कोणत्या साधनाने करायची तेही ‘बाय लॉ’ म्हणून सांगितले आहे. रचना कर्मणीच आहे, पण कर्ता लपलेला नाही. हा मसुदा करणाऱ्यांना अपवादाची मुभा द्यायची होती आणि ती कोणाला द्यायची हे मोघम ठेवायचे नव्हते.

सर्व कायदे एवढे उघड बोलत नाहीत, तरी त्यांतला कर्ता शोधण्याची वाट असते. 2005च्या माहिती अधिकार कायद्याचे सहावे कलम अर्जासोबत ‘सच फी ॲज मे बी प्रिस्क्राइब्ड’ भरावी असे म्हणते. फी कोण ठरवणार? त्या वाक्यात उत्तर नाही. परंतु दुसऱ्या कलमात ‘प्रिस्क्राइब्ड’ची व्याख्या आहे: या कायद्याखाली समुचित शासनाने किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने केलेल्या नियमांनी विहित केलेले. म्हणजे कर्ता हरवलेला नाही, त्याला व्याख्येच्या कलमात बसवले आहे, आणि जेथे जेथे ‘प्रिस्क्राइब्ड’ येईल तेथे तेथे तो मनातल्या मनात परत आणून वाचायचा आहे. ‘मे’ या शब्दाने येथे शासनाला अधिकार दिला आहे. ‘ॲज’ने तो अधिकार फीशी बांधला आहे. त्याच दुसऱ्या कलमाचा आरंभ ‘अनलेस द कॉन्टेक्स्ट अदरवाइज रिक्वायर्स’ असा आहे, म्हणजे संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर. हे वाक्य कर्मणी नाही, त्यात ‘कॉन्टेक्स्ट’ हाच कर्ता आहे. परंतु संदर्भाला काय आवश्यक वाटते हे अखेर न्यायाधीशच ठरवतात, त्यामुळे माणूस येथेही पडद्याआडच आहे. सातव्या कलमातले परंतुक ‘प्रोव्हायडेड दॅट व्हेअर’ अशी दोन अव्यये लागोपाठ ठेवून सुरू होते आणि मागितलेली माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ती 48 तासांत द्यावी असे सांगते. यातला ‘व्हेअर’ जागा दाखवत नाही. कायद्याच्या भाषेत तो ‘अशा प्रकरणी’ या अर्थाने येतो आणि ‘इफ’च्या जवळ बसतो, ‘जेथे’ असे त्याचे शब्दशः भाषांतर केल्यास वाचक विनाकारण स्थळ शोधत राहतो.

आपल्याला स्वतः इंग्रजीत लिहायचे असेल, तेव्हा या रचनांपैकी कोणत्या घ्याव्यात? माहितीच्या आरंभी ‘ॲज इज वेल नोन’ लिहिण्यास हरकत नाही, परंतु ती गोष्ट खरोखरच सर्वज्ञात असेल तेव्हाच. वादग्रस्त सीमारेषेविषयी लिहिताना ‘सर्वज्ञात’ म्हणणे हा पुरावा टाळण्याचा प्रयत्न ठरतो आणि अनुभवी अधिकारी तो तसाच वाचतात. संशोधनाच्या लेखनात ‘ऑलदो इट हॅज बीन आर्ग्यूड दॅट’ हा आरंभ सभ्य आहे, पण असा युक्तिवाद कोणी केला ते लगेच पुढे सांगावे लागते, नाहीतर वाचक काल्पनिक प्रतिपक्ष उभा केल्याचा संशय घेतो. कर्मणी रचना सर्वस्वी टाळावी, हा शैलीविषयक पुस्तकांतून मिळणारा उपदेश मला अतिरेकी वाटतो. सर्वेक्षण कोणी केले यापेक्षा काय आढळले हे महत्त्वाचे असते, तेव्हा ‘इफ इट इज फाउंड दॅट’ हीच योग्य रचना होय. हक्क, पैसा किंवा मुदत यांचा प्रश्न असेल, तेथे मात्र कर्ता लिहावा. ‘ॲज डायरेक्टेड, द डॉक्युमेंट्स आर सबमिटेड’ या वाक्याने कागदपत्रे सादर झाल्याची नोंद होते. कोणी, कधी आणि कोणती मागितली होती, याची होत नाही. तेथे ‘ॲज डायरेक्टेड बाय द मामलतदार’ असे लिहून पुढे आदेशाचा क्रमांक आणि दिनांक घालावा, आणि सोबत जोडलेल्या कागदांची नावे त्याच वाक्यात द्यावीत. मग महिन्याभराने त्या खुर्चीवर दुसरा अधिकारी आला, तरी आदेश कोणाचा होता हे अर्जदाराला नव्याने सिद्ध करत बसावे लागत नाही.